गोष्टीतली चेटकीण

आमच्या बचतगटाची बैठक दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी असते. हप्ते गोळा झाले, वहीत सह्या झाल्या की मग खरी बैठक सुरू होते, हे मैत्रिणींनो तुम्हाला सांगायला नकोच. मागच्या उन्हाळ्यात अशाच एका शनिवारी गटातल्या एक वहिनी अगदी गप्प गप्प होत्या. वहिनी नर्स आहेत, कुटुंब ख्रिस्ती, तीन पिढ्या आमच्याच गावात गेलेल्या. खोदून विचारलं तेव्हा कळलं, घरात लेकीवरून धुसफूस चाललीय. लेक आठवीत. तिनं मैत्रिणीकडून हॅरी पॉटरचं पुस्तक वाचायला आणलं आणि ते नेमकं सासूबाईंच्या हाती लागलं. वर चित्र झाडूवर बसून उडणाऱ्या मुलाचं! सासूबाईंचं म्हणणं, पवित्र शास्त्रात जादूटोणा, शकुन बघणं, मेलेल्यांना बोलावणं हे सगळं देवाला अमंगळ वाटतं असं सांगितलंय. जे करायचं नाही ते करमणूक म्हणून तरी घरात कशाला? लेकीचं म्हणणं, अगं आजी, ही नुसती गोष्ट आहे. आणि वहिनी बिचाऱ्या मधे. त्यांना दोघींचंही पटत होतं, हीच तर पंचाईत.

मी काही ख्रिस्ती नाही, त्यामुळे सल्ला द्यायचा मला अधिकार नव्हता. पण बी.ए.ला इंग्रजी साहित्य होतं तेव्हा आमच्या मॅडमनी एका लेखकाबद्दल भरभरून सांगितलं होतं, ते आठवलं. सी. एस. लुईस. एकीकडे कट्टर श्रद्धावान ख्रिस्ती, दुसरीकडे सिंह, चेटकीण आणि बोलणाऱ्या प्राण्यांच्या गोष्टी लिहिणारा माणूस. घरी येऊन पुन्हा शोधून वाचलं, तेव्हा लक्षात आलं की वहिनींच्या घरातला वाद या माणसाच्या आयुष्यातच पन्नास वर्षं चालला होता. म्हणून आज त्यांचीच गोष्ट.

क्लाइव्ह स्टेपल्स लुईस यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८९८ रोजी आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरात झाला. चार वर्षांचे असताना त्यांनी स्वतःचं नाव जॅक असल्याचं घरात जाहीर करून टाकलं, आणि जवळच्यांसाठी ते जन्मभर जॅकच राहिले. वडील वकील. आई फ्लोरा गणित आणि तर्कशास्त्र शिकून त्या काळात पदवीधर झालेली. तीन वर्षांनी मोठा भाऊ वॉर्नी. घर मोठं, पावसाळी हवा, आणि जिकडे तिकडे पुस्तकं. माळ्यावरच्या खोलीत बसून हे दोघे भाऊ कपडे घालणाऱ्या, तलवारी चालवणाऱ्या प्राण्यांच्या गोष्टी लिहायचे. आजोबांच्या हातचं ओकच्या लाकडाचं कोरीव कपाटही त्या घरात होतं. हे कपाट लक्षात ठेवा बरं का.

जॅक नऊ वर्षांचा असताना आई कर्करोगानं अंथरुणाला खिळली. घरातच शस्त्रक्रिया झाली. आई बरी व्हावी म्हणून त्या पोरानं जीव तोडून प्रार्थना केली. ऑगस्ट १९०८ मध्ये आई गेली. मोठेपणी आत्मकथनात त्यांनी या प्रार्थनेबद्दल फार प्रामाणिकपणे लिहिलंय. तेव्हा आपण देवाकडे गेलो होतो ते जादूगाराकडे जावं तसे, असं त्यांना नंतर जाणवलं. त्यानं कांडी फिरवावी, आईला बरं करावं आणि निघून जावं, एवढीच अपेक्षा होती. मला हे वाचून थांबायला झालं. जादू फक्त पुस्तकात असते असं आपण समजतो, पण नवस बोलताना आपल्या मनात तरी दुसरं काय असतं?

आई जाऊन महिना व्हायच्या आत जॅकला इंग्लंडमधल्या बोर्डिंग शाळेत धाडलं. तिथल्या हेडमास्तरांना पुढे वेडाच्या भरात आयुष्य काढावं लागलं, यावरून शाळेची कल्पना करा. नंतर मॉल्व्हर्न गावच्या शाळेत तो गेला, तिथे वसतिगृह सांभाळणाऱ्या बाई होत्या. आईविना पोरांवर त्यांनी माया केली. पण बाईंना स्वतःलाच धड कुठे ठाव नव्हता. थिऑसॉफी, आत्म्यांना बोलावणं, गूढ पंथ, असं त्यांचं भटकणं चाललेलं. त्यांच्या बोलण्यातून तेरा-चौदा वर्षांच्या जॅकच्या मनात त्या दाराआडच्या जगाची ओढ शिरली. लुईस यांनी लिहून ठेवलंय की ही ओढ शरीराच्या वासनेसारखी असते, एकदा लागली की बाकी सगळं बेचव वाटायला लागतं. याच शाळेत त्याची ख्रिस्तावरची श्रद्धा सुटली. म्हणजे वहिनींच्या सासूबाईंना जी भीती वाटते, ती या माणसानं अंगावर अनुभवलेली होती. म्हणूनच पुढे ते जे म्हणतात त्याला वजन आहे.

मग १९१६चा मार्च महिना. वय सतरा. आता तो पक्का नास्तिक. सरे परगण्यात एका कडक तर्कनिष्ठ गुरुजींकडे शिकत होता. रेल्वे स्टेशनवरच्या पुस्तकाच्या गाळ्यावरून त्यानं जॉर्ज मॅकडोनाल्ड या स्कॉटिश लेखकाची ‘फँटास्टीज’ नावाची अद्भुत कादंबरी घेतली. मॅकडोनाल्ड मुळात धर्मोपदेशक होते. कादंबरीत पऱ्या, झाडांचे आत्मे, सावल्या, सगळं काही. पण त्या पुस्तकातून मनाला काहीतरी निर्मळ भेटलं. ते वाचून आपल्या कल्पनाशक्तीचा बाप्तिस्मा झाला, असं ते पुढे सांगत. बाकीच्या माणसाला मात्र आणखी बराच वेळ लागला. तर मैत्रिणींनो, गूढाच्या ओढीनं एकाच मुलाला देवापासून दूर नेलं आणि पऱ्यांच्या गोष्टीनं जवळ आणलं. दोन्हीकडे ‘अलौकिक’ होतंच.

पहिल्या महायुद्धात लुईस फ्रान्समध्ये लढले, एप्रिल १९१८ मध्ये जखमी झाले. पॅडी मूर नावाचा त्यांचा मित्र त्या युद्धात गेला. आपल्यापैकी कुणी परत आलं नाही तर दुसऱ्यानं त्याच्या घरच्यांना सांभाळायचं, असं दोघांचं ठरलेलं. लुईस यांनी शब्द पाळला. मित्राची आई आणि बहीण यांच्याबरोबर त्यांनी घर मांडलं. मिसेस मूर १९५१ मध्ये वारल्या, तोवर ही जबाबदारी त्यांनी निभावली. ऑक्सफर्डचा मोठा विद्वान, पण बाई हाक मारतील तेव्हा लिखाण बाजूला ठेवून घरकामाला उठायचे. यावर त्यांचे मित्र चिडायचे. मला मात्र त्यांचा हा भाग आवडतो.

याच घरात १९२३ मध्ये एक भयंकर प्रसंग घडला. मिसेस मूर यांचे डॉक्टर भाऊ पाहुणे म्हणून आले आणि त्यांचं मन ढळलं. चौदा दिवस आणि जवळपास चौदा रात्री लुईस त्यांच्याजवळ होते. डॉक्टर जमिनीवर लोळत, सैतान आपल्याला ओढून नेतायत म्हणून किंचाळत. हे गृहस्थही आत्मे बोलावणं वगैरेंच्या नादी लागलेले होते. लुईस हादरले. या आजाराचं कारण बहुधा शारीरिक होतं, हे त्यांनी स्वतःच नंतर कबूल केलंय, पण त्या वाटेला आपण कधी जायचं नाही, ही खूणगाठ तेव्हाच बांधली गेली. (हे वाचताना मला आमच्या कामातल्या कितीतरी बायका आठवल्या. डोक्याच्या आजाराला अजून आधी भगत आणि मग डॉक्टर. आपल्याकडे २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, तरी हा क्रम पुरता बदललेला नाही. असो.)

१९२५ पासून लुईस ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजात शिकवू लागले. तिथे जे. आर. आर. टॉल्किन भेटले, पुढे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणारे तेच. टॉल्किन श्रद्धावान कॅथलिक. १९ सप्टेंबर १९३१च्या रात्री टॉल्किन आणि ह्यूगो डायसन या दोन मित्रांबरोबर लुईस कॉलेजच्या आवारातल्या पायवाटेवर फिरत होते. बोलणं पहाटेपर्यंत चाललं. देव आहे इथवर लुईस तोपर्यंत आले होते, पण ख्रिस्तावर गाडी अडलेली. मित्रांनी त्यांना विचारात पाडलं. जुन्या दंतकथांमध्ये देव मरतो आणि पुन्हा उठतो, ते वाचताना तुझा जीव हलतो, मग तीच गोष्ट शुभवर्तमानात आली की तुला का चालत नाही? ही गोष्टही तशीच आहे, फक्त ती खरोखर घडली, असं टॉल्किन यांचं सांगणं होतं. थोड्याच दिवसांनी लुईस वॉर्नीच्या मोटारसायकलच्या साइडकारमध्ये बसून प्राणिसंग्रहालय बघायला निघाले. निघताना ख्रिस्त देवाचा पुत्र आहे यावर त्यांचा विश्वास नव्हता, पोचले तेव्हा होता. कसलाही चमत्कार नाही, दिव्य प्रकाश नाही. एखादी बाई झोपेतून हळूहळू जागी व्हावी, तसं.

म्हणजे या माणसाला धर्माकडे आणणाऱ्या वाटेत ग्रीक आणि उत्तरेकडच्या देवादिकांच्या कथाही होत्या. त्या फेकून द्याव्यात असं त्यांना कधीच वाटलं नाही. इथे मला आपल्याकडचा एक जुना दाखला आठवतो. सोळाव्या शतकात फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट गोव्यात आले. नव्यानं ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणं बंद झाली होती आणि त्या बदल्यात ऐकायला काही नव्हतं. लोकांनी तसं बोलून दाखवलं, आणि स्टीफन्स यांनी मराठी ओव्यांमध्ये ‘ख्रिस्तपुराण’ रचलं. ते १६१६ मध्ये छापलं गेलं. माणसाला कथेची भूक असतेच, ती नुसत्या मनाईनं भागत नाही.

दुसऱ्या महायुद्धात लुईस यांचं नाव घरोघरी पोचलं. १९४१ ते १९४४ या काळात बीबीसी रेडिओवर त्यांनी श्रद्धेवर सोप्या भाषेत भाषणं दिली. त्याच सुमारास ‘द स्क्रूटेप लेटर्स’ आलं. एक वयस्क सैतान आपल्या शिकाऊ पुतण्याला पत्रं लिहून माणसाला बिघडवायचं कसं ते शिकवतो, असं ते पुस्तक. आधी ते चर्चच्या एका साप्ताहिकात क्रमशः यायचं. तेव्हा खेड्यातल्या एका पाळकसाहेबांनी साप्ताहिक बंद करा म्हणून कळवलं. कारण काय, तर या पत्रांमधला उपदेश त्यांना निव्वळ सैतानी वाटला! गंमत सोडली तरी प्रस्तावनेतला लुईस यांचा मुद्दा मोलाचा आहे. सैतानाच्या बाबतीत माणसं दोन चुका करतात. एक म्हणजे त्याला अजिबात न मानणं, आणि दुसरी, मानून त्याच्यात नको तितका रस घेणं. सैतान दोन्हींवर सारखाच खूश.

युद्ध सुरू झालं तेव्हा लंडनच्या शाळकरी मुली बॉम्बच्या भीतीनं त्यांच्या घरी राहायला आल्या होत्या. बहुतेक आयुष्य लग्नाविना काढलेल्या प्राध्यापकाच्या घरात पोरींचा किलबिलाट! आणि डोक्यात सोळाव्या वर्षापासून एक चित्र घर करून होतं. बर्फाळ जंगलात छत्री आणि पुडकी घेऊन चाललेला, बोकडाच्या पायांचा एक प्राणी. त्यातून १९५० मध्ये ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ आलं, आणि १९५६ पर्यंत नार्नियाची सातही पुस्तकं झाली. कोटांनी भरलेल्या कपाटातून मुलं पलीकडच्या राज्यात जातात. तिथे पांढऱ्या चेटकिणीनं कायमचा हिवाळा आणलाय. एडमंड नावाचा मुलगा तिच्या जादूच्या मिठाईसाठी भावंडांशी बेइमानी करतो. पुस्तक आलं तेव्हा इंग्लंडात गोळ्या-मिठाई अजून रेशनवर होती, म्हणजे मुलांना हा मोह किती खरा वाटला असेल बघा. एडमंडच्या बदली अस्लान हा सिंह स्वतःचा जीव देतो आणि पुन्हा उठतो.

टॉल्किन यांना ही पुस्तकं आवडली नाहीत. ग्रीक बोकडपाये, बोलणारे बीव्हर आणि नाताळबाबा अशी मिसळ त्यांना रुचली नाही. काही आया आणि शिक्षिकांनी मुलं घाबरतील म्हणून नाकं मुरडली. यावर लुईस यांचं म्हणणं असं की मुलांना पुढे दुष्ट माणसं भेटणारच आहेत, मग निदान शूरांच्या गोष्टी तरी त्यांच्या कानावर पडू द्या. दुसरा मुद्दा तर मला फारच पटला. परीकथा वाचून मूल भलत्या स्वप्नात रमतं असं म्हणतात, पण खरी भलती स्वप्नं ‘वास्तव’ म्हणवणाऱ्या गोष्टी देतात, ज्यात आपणच देखणे, श्रीमंत आणि सगळ्यांच्या वर ठरतो. रोज रात्री साडेआठला पैठण्या नेसून स्वयंपाक करणाऱ्या बायका बघणाऱ्या आपण हे मनाशी ताडून बघायला हरकत नाही. तिथे चेटकीण नसते, पण हेवा भरपूर.

नार्नियातली जादू नीट वाचली की लुईस यांनी मेढ कुठे रोवलीय ते दिसतं. ‘प्रिन्स कॅस्पियन’मध्ये हताश झालेला एक बुटका मेलेल्या चेटकिणीला मंत्रानं परत आणायला निघतो, तो सरळसरळ अधर्म ठरतो. ‘द व्हॉयेज ऑफ द डॉन ट्रेडर’मध्ये लहानगी ल्युसी मंत्र वाचून मैत्रिणी आपल्या पाठीमागे काय बोलतात ते ऐकते आणि एक मैत्री कायमची नासवून बसते. (दुसऱ्याचा मोबाइल चोरून बघणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं.) आणि ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’मधल्या डिगरीची आई मरणाच्या दारात आहे. बागेतलं जादूचं सफरचंद चोरून नेलं तर ती वाचेल. डिगरी रडतो, पण चोरी करत नाही. नंतर अस्लान स्वतःहून त्याला सफरचंद देतो आणि आई बरी होते. नऊ वर्षांच्या जॅकला जे मिळालं नाही ते छप्पन्न वर्षांच्या लुईसनं डिगरीला दिलं, पण हिसकावून नाही. जबरदस्तीनं सत्ता मिळवायची ती जादू वाईट, आणि हात पसरून मिळतं ते दान, हा फरक त्यांनी मुलांना प्रवचन न देता सांगितला.

आता त्या पत्राबद्दल. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या एका आईनं लिहिलं की तिच्या नऊ वर्षांच्या मुलाला टोचणी लागलीय. त्याला येशूपेक्षा अस्लान जास्त आवडतो, म्हणजे ही मूर्तिपूजा तर नव्हे? जगभरातून ढीगभर पत्रं यायची, पण लुईस यांनी या आईला सविस्तर उत्तर पाठवलं. अस्लानच्या ज्या वागण्यामुळे तो आवडतो ते वागणं मुळात येशूचंच आहे, सिंहाचं रूप आवडणं हे लहान वयाला धरूनच आहे आणि देव ते समजून घेतो, असा धीर दिला. मुलासाठी साधी प्रार्थनाही सुचवली, आणि तिच्यात हेही घातलं की लुईससाहेबांच्या पुस्तकांनी मुलांचं काही नुकसान होत असेल तर देवा, त्यांना क्षमा कर आणि पुन्हा तसं घडू देऊ नकोस. एवढा नामवंत लेखक, पण आपलं पुस्तक एखाद्याला बाधू शकतं हे त्यांनी नाकारलं नाही.

सगळ्यांसाठी एकच नियम त्यांनी केला नाही. एखादी गोष्ट आपल्याला खाली ओढते असं वाटलं तर ती जरूर सोडावी. पण ती वस्तूच पापी म्हणू लागलो किंवा ती न सोडणाऱ्याकडे नाक वर करून पाहू लागलो की वाट चुकली, असं त्यांनी संयमाविषयी लिहिलंय. संत पौलानंही मूर्तीला दाखवलेलं अन्न खावं की नाही या वादात असंच काहीसं सांगितलं होतं, फक्त एक भर घालून: आपल्या खाण्यानं कच्च्या मनाचा भाऊ अडखळत असेल, तर त्याच्यासाठी तेवढं सोडावं. वहिनींना हे वचन पाठ होतं. सासूबाईंनाही.

लुईस यांना संसारसुख उशिरा आणि थोडं मिळालं. त्यांची पुस्तकं वाचून पत्रं लिहू लागलेल्या जॉय डेव्हिडमन या अमेरिकन कवयित्री १९५२ मध्ये भेटल्या. दोन मुलांची आई, पुढे घटस्फोट झालेल्या. १९५६ मध्ये त्यांना इंग्लंडात राहता यावं म्हणून नोंदणी लग्न झालं आणि काही महिन्यांतच जॉयना कर्करोग निघाला. मार्च १९५७ मध्ये दवाखान्यात, पलंगाशेजारी धर्मविधीनं लग्न लागलं. मग त्या आश्चर्यकारक रीतीनं सावरल्या, चालू-फिरू लागल्या. तीन वर्षं. जुलै १९६० मध्ये गेल्या. पुन्हा तोच आजार, तीच प्रार्थना. या वेळी जादूगार नव्हता, पण देवाशी केलेलं भांडण मात्र त्यांनी लपवलं नाही. दुसऱ्या नावानं छापलेल्या छोट्याशा पुस्तकात सगळा संताप, सगळं रडणं आहे.

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी लुईस वारले. त्याच दिवशी अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष केनेडींची हत्या झाली, त्यामुळे वर्तमानपत्रांत त्यांच्या जाण्याची बातमी दबून गेली. ऑक्सफर्डजवळ हेडिंग्टन क्वॉरीच्या चर्चच्या आवारात त्यांना पुरलं. पुढे त्या चर्चमध्ये एक काचेची खिडकी बसवली, तिच्यावर नार्निया कोरलंय, सिंहासकट.

वाद काही त्यांच्याबरोबर संपला नाही. २००१च्या डिसेंबरात अमेरिकेत अलामोगोर्डो इथल्या एका चर्चनं हॅरी पॉटरची पुस्तकं जाळली, आणि चारच वर्षांनी नार्नियाचा सिनेमा आला तेव्हा त्याच देशात चर्चची मंडळी गटागटानं थिएटरात गेली. चेटकीण दोन्हींत आहे. मला यात थोडी सोय बघण्याची वृत्ती दिसते, पण वहिनींना तसं वाटत नाही. त्यांच्या मते कोण लिहितंय आणि कशासाठी, हे बघायला हवंच. यावर आमचं अजून जमलेलं नाही.

त्यांच्या घरी सध्या असं चाललंय. हॅरी पॉटर परत गेलं, पण जाळलं नाही की फाडलं नाही, उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर बघू असं ठरलं. त्याऐवजी मी नार्नियाचं पहिलं पुस्तक दिलं. रात्री जेवणं झाली की लेक इंग्रजीतून वाचते, वहिनी मराठीत सांगतात आणि सासूबाई पलंगावर पाठ करून पडलेल्या असतात. अस्लानला दगडी मेजावर बांधलं त्या रात्री लेक पेंगायला लागली, पुस्तक मिटलं. तेव्हा सासूबाईंनी पाठमोऱ्या पडल्या पडल्याच विचारलं म्हणे, की तो उठतो की नाही ते तेवढं सांगून मग झोपा.